खिशातली नळी

माझ्या मामाला सगळे डास म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तो ओ देतो. तो एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढतो. 'डास चावला तर कळतं तरी, याची सुई कळतसुद्धा नाही,' असं कुणीतरी एकदा म्हणालं आणि तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. मागच्या महिन्यात त्याच्या नोकरीला तीस वर्षं झाली म्हणून लॅबमध्ये छोटा कार्यक्रम झाला. त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, चार जण बोलले. हात किती हलका, माणूस किती काटेकोर, तीस वर्षांत हातून एक रिपोर्ट चुकीचा गेला नाही, वगैरे. शेवटच्या वाक्याला मामानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, काय विनय आहे! मी मागच्या खुर्चीवर बसून दात आवळले.

एकही रिपोर्ट चुकीचा गेला नाही हे कागदोपत्री खरंच आहे. जो चुकला तो कधी कागदावर आलाच नव्हता. तो आमच्या घरचा होता.

मी तिखट बाई आहे हे आधीच सांगून टाकते. शाळेत गणित शिकवते, आणि माझ्या वर्गात मुलं वहीचा कोपरा दुमडतानाही माझ्याकडे बघून दुमडतात. तरी मामावर मी लिहायला बसले ती रागानं नाही. राग होता, तो सरला. आता नुसती हळहळ उरली आहे, आणि त्यातली थोडी माझ्या स्वतःवरची आहे.

मामाची लॅब चपलांच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. चौदा पायऱ्या चढून गेलं की एक लांब लाकडी बाक, समोर सरकत्या काचेची खिडकी, आणि स्पिरिटचा वास. खिडकीतून पुठ्ठ्याचा बिल्ला मिळतो, त्यावर नंबर. सकाळी सात वाजता बाक भरलेला असतो. सगळे उपाशी, त्यामुळे सगळे चिडलेले. मामा दारात उभा राहून नंबर पुकारतो, आणि त्या चिडलेल्या माणसांना दोन मिनिटांत हसवून, त्यांचं रक्त काढून, कापूस दाबून धरायला लावून परत पाठवतो.

रिपोर्ट डॉक्टरांनी वाचायचा असतो हे मामाला कळतं. पण लोक ऐकत नाहीत. कागद हातात पडला की डॉक्टरकडे जायच्या आधी ते मामासमोर धरतात. 'डासभाऊ, काय म्हणतंय?' मामा चष्मा कपाळावरून खाली घेतो आणि सांगतो, अगदी शाळेतल्यासारखं. रात्रभर उपाशी राहून सकाळी घेतलेली साखर शंभरच्या आत असली तर उत्तम. शंभर ते एकशे पंचवीस म्हणजे काठावर. एकशे सव्वीस आणि त्याच्या पुढे गेली, आणि तीही दोन वेगवेगळ्या दिवशी, तर मधुमेह. जेवल्यावर दोन तासांनी घेतली आणि दोनशेच्या पुढे गेली तरी गडबड आहे. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक वेगळी तपासणी असते, तिच्यात साडेसहा आणि वर आलं की समजायचं. 'आमच्या परीक्षेत कमी मार्कवाला पास,' हा त्याचा ठरलेला विनोद. तीस वर्षं तोच विनोद आणि तीस वर्षं लोक हसतायत.

'एकशे पंचवीस आणि एकशे सव्वीसमध्ये असा काय फरक पडतो रे?' मी त्याला एकदा विचारलं होतं.

'नखाएवढासुद्धा नाही. पण रेघ कुठेतरी मारावीच लागते ना. तू नाही का एका मार्कानं पोरांना नापास करत?' तो म्हणाला. 'म्हणून तर एका रिपोर्टवर मी कुणाला पेशंट होऊ देत नाही. पुन्हा ये म्हणतो.'

आणि खरंच पुन्हा बोलवायचा. एक गृहस्थ आले होते, त्यांचा किस्सा तो रंगवून सांगतो.

'सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?'

'काही नाही. फक्त चहा.'

'साखरेचा?'

'एकच चमचा हो.'

'मग तुम्ही उपाशी आहात, रक्त उपाशी नाही. उद्या या.'

गृहस्थ चौदा पायऱ्या शिव्या देत उतरले. दुसऱ्या दिवशी आले ते बिस्किट खाऊन. तिसऱ्या दिवशी मामानं त्यांची बायको सोबत बोलावली, साक्षीदार म्हणून.

साखरेच्या बाबतीत त्याचा अजून एक नियम होता, राखाडी टोपणाच्या नळीचा. रक्त ठेवायच्या नळ्यांना रंगीत टोपणं असतात, त्यात राखाडीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते. नव्यानं कामाला लागलेल्या प्रत्येकाला मामा पहिल्या दिवशी ती नळी उजेडात धरून दाखवतो. 'रक्त अंगातून काढलं म्हणून ते मेलं असं समजू नका. त्यातल्या पेशी जिवंत असतात, त्यांना भूक लागते, आणि समोर असते ती साखर त्या खाऊन टाकतात. तासागणिक आकडा उतरतो. ही पूड त्यांचं तोंड बंद करते. साखरेला लाल टोपण वापरलं आणि नळी तशीच पडू दिली, तर रिपोर्ट खोटा. पेशंट खूश आणि आतून खलास.'

एकदा एका कारखान्यातून बारा नळ्या आल्या, सगळ्या लाल टोपणाच्या, सकाळी भरलेल्या आणि दुपारी पोचलेल्या. मामानं बाराच्या बारा बाजूला काढल्या आणि बारा माणसांना पुन्हा बोलावलं. लॅबच्या मालक डॉक्टरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. हा शांतपणे म्हणाला, 'साहेब, खोटा आकडा देण्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या.' हे सगळं त्याला येत होतं. तोंडपाठ होतं. हे आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

आता माझी आई. ती मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आजी गेली तेव्हा मामा सहा वर्षांचा होता आणि आई पंधराची. आईनं शाळा सोडली आणि ती शिलाई मशीनवर बसली, ती त्रेचाळीस वर्षं उठली नाही. मामाची शाळा, त्याचा लॅबचा कोर्स, त्याचं लग्न, सगळं त्या मशीनवर झालं. मामानं जन्मात तयार शर्ट विकत घेतला नाही. आई त्याचे शर्ट शिवायची, आणि त्यांचा खिसा खास असायचा. मामा वाकला की खिशातलं पेन पेशंटच्या अंगावर पडायचं, म्हणून आईनं खिशाच्या आत एक अरुंद कप्पा शिवून दिला. पेन त्यात घट्ट बसायचं. आणि मामाचा कपडा मशीनवर असला की बाकी सगळी कामं बाजूला. गिऱ्हाईक दारात ताटकळत असायचं आणि आई कॉलर बसवता बसवता मान वर न करता म्हणायची, 'थांबा जरा, भावाचं आहे.'

आई चौपन्न वर्षांची झाली तेव्हा मामा म्हणाला, 'ताई, आता वर्षातून दोनदा साखर बघत जाऊ.' आई म्हणाली, बघ. पण लॅबमध्ये यायला तिला सवड नव्हती, आणि मामाला ते नकोच होतं. 'माझी बहीण त्या बाकावर बसणार? बिल्ला घेऊन? काय बोलतेस!' तो अक्षरशः दुखावला. मग ठरलं की त्यानंच घरी यायचं. सकाळी साडेसहाला तो यायचा. मशीनच्या दिव्याखाली आई हात पसरायची, मामा रक्त काढायचा, उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि नळी शर्टाच्या खिशात, पेनाच्या कप्प्यात टाकून कामाला जायचा. मामीच्या थायरॉइडच्या तपासणीसाठी त्याच्या घरी लाल टोपणाच्या नळ्यांचं एक खोकं पडलेलं असायचं. त्यातलीच एक तो येताना उचलायचा.

लॅबमध्ये सात वाजता बाक भरलेला. मामा शिस्तीचा माणूस, बिल्लेवाल्यांच्या आधी घरचं काम करणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. आधी लोकांचं, मग आपलं. सगळी गर्दी हटली, सगळ्यांचे रिपोर्ट लागले की साडेदहा-अकराला तो खिशातून आईची नळी काढायचा. नोंद नाही, कागद नाही. आकडा आला की आईला फोन.

'ताई, एकशे सहा.'

'म्हणजे पास का?'

'काठावर. गोड जरा बेतानं खा.'

आईचा जीव भांड्यात पडायचा. फोन ठेवला की ती दोन चमचे साखर घालून चहा करायची, पास झाल्याचा. आकडा मात्र न चुकता लिहून ठेवायची, गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीनं. चार वर्षांत आठ आकडे झाले. एकशे सहापासून एकशे एकवीसपर्यंत, मध्ये एखाद-दुसरा खाली, पण चढतेच. मी ते बघत होते. वर्गातल्या पोराचे मार्क असे घसरत गेले असते तर मी त्याच्या आईबापांना शाळेत बोलावलं असतं. इथे मी वही मिटून ठेवत होते. रेघेच्या आत आहे ना, मग झालं. शिवाय मामा आहे.

दरम्यान आई पाणी ढोसायला लागली होती. मशीनशेजारी एक बाटली असायची तिथे दोन आल्या. रात्रीतून तीनदा उठायची. वजन उतरलं तर म्हणाली, बरं झालं, गुडघ्यांवरचा भार गेला. मी एकदा मामाला म्हणाले, 'अरे, ही लक्षणं साखरेची ना?' तो म्हणाला, 'असतात. पण आकडा आहे ना आपल्याकडे.' जेवणानंतरची साखर कधी बघितली नाही, कारण त्या वेळी तो लॅबमध्ये असायचा. तीन महिन्यांची सरासरी बघितली नाही, कारण ते रक्त दुसरीकडे पाठवावं लागायचं आणि काठावरच्या माणसाला कशाला एवढं, असं त्याला वाटलं. परक्या माणसाला त्यानं तीनदा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

मग एके दिवशी आईनं काजं वाकडी केली. आईनं! एका कोटाची पाच काजं, पाचही तिरकी. गिऱ्हाइकानं दाखवली तेव्हा ती म्हणाली, दिवा मंद झालाय. दिवा बदलला. मग म्हणाली, चष्म्याचा नंबर बदललाय. तिला घेऊन मी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

'साखर किती वर्षांपासून आहे?'

'साखर नाही हो मला,' आई हसून म्हणाली. 'माझा भाऊच लॅबमध्ये आहे. सहा-सहा महिन्यांनी बघतो. काठावर आहे.'

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. 'डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. मधोमध सूज आहे. हे वर्षा-दोन वर्षांचं काम नाही.'

तिथल्या तिथे बोटातून रक्त घेतलं. दोनशे अडुसष्ट. सरासरीसाठी रक्त वेगळ्या लॅबला पाठवलं, दुसऱ्या दिवशी आकडा आला, आठ पूर्णांक नऊ. मी मामाला फोन केला. त्यानं दोन्ही आकडे मला पुन्हा सांगायला लावले. मग तो म्हणाला, 'त्यांची काहीतरी चूक असेल. उद्या सकाळी मी घेतो.'

दुसऱ्या दिवशी साडेसहाला तो आला. दुसऱ्या लॅबला चुकीचं ठरवायचं म्हणून या वेळी लॅबची, सगळ्या रंगांच्या नळ्यांची पिशवी घेऊनच आला होता. पण हाताला वळण पडलेलं. त्यानं नेहमीसारखी लाल टोपणाची नळी भरली, चहा प्याला, नळी खिशाच्या कप्प्यात टाकली आणि दाराशी जाऊन एका पायात चप्पल घातली. तिथे तो थांबला.

मी समोरच होते. त्यानं खिशाला हात लावला. नळी बाहेर काढली, तिच्या टोपणाकडे बघितलं आणि बघतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मला दिसलं. एक पाय चपलेत आणि एक बाहेर, असा तो दारात किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. मग परत आत येऊन म्हणाला, 'ताई, अजून एक नळी घेऊ?'

'घे की,' आई म्हणाली. 'तुला काय, पिंप घे.'

त्यानं राखाडी नळी भरली आणि दोन्ही नळ्या घेऊन निघाला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या शाळेत आला. इतक्या वर्षांत कामाच्या वेळेत तो कधी लॅबच्या खाली उतरला नव्हता. शिक्षकांच्या खोलीबाहेर त्यानं दोन चिठ्ठ्या माझ्या हातात ठेवल्या.

'राखाडी नळी लॅबमध्ये गेल्या गेल्या तपासणीच्या मशीनला लावली. एकशे एकसष्ट. लाल नळी रोजच्यासारखी खिशात ठेवली आणि अकराला लावली. एकशे चोवीस.' त्यानं दोन्ही चिठ्ठ्यांवर बोट ठेवलं. 'पाच मिनिटांच्या अंतरानं काढलेलं रक्त. काठावर कधी नव्हतीच ती. पहिली एकशे सहा आली होती ना, ती खरी एकशे पस्तीस-चाळीस असणार. पहिल्याच दिवसापासून.'

मी तिथे व्हरांड्यात त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कारखान्यातल्या बारा माणसांसाठी शिव्या खाल्ल्यास, म्हणाले, आणि ज्या बाईनं तुला वाढवलं तिची नळी खिशात उकडत ठेवलीस! मुलं डबे घेऊन बघत उभी होती. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'ताईला तू सांगू नकोस. माझं मी सांगतो.'

आणि त्यानं सांगितलं नाही. आठ महिने सांगितलं नाही.

त्या आठ महिन्यांत आईच्या डोळ्यांत इंजेक्शनं झाली. गोळ्या सुरू झाल्या, साखर ताळ्यावर आली. नजर आणखी जाणं थांबलं, पण गेलेली परत आली नाही. कडेचं दिसायचं, मधलं पुसट. माणसाकडे बघायचं तर तिला मान तिरकी करावी लागायची. सुईत दोरा ओवायचा ती प्रयत्न करायची, दोन-दोनदा, तीन-तीनदा, आणि मग सुई उशीत खोचून ठेवायची. एके दिवशी तिनं मशीनवर जुनी चादर घातली आणि मापांची वही माझ्याकडे देऊन म्हणाली, 'ठेव कुठेतरी.'

मामा प्रत्येक वेळी दवाखान्यात यायचा. तिचा हात धरून बसायचा. आणि आई शेजारच्या खुर्चीवर जो कोणी असेल त्याला सांगायची, 'हा माझा भाऊ. लॅबमध्ये असतो. चार वर्षं कानीकपाळी ओरडत होता बिचारा, ताई काठावर आहेस, गोड कमी कर. मीच ऐकलं नाही. दोन-दोन चमचे साखर घालून चहा प्यायले. माझ्या कर्माची फळं.' मामा जमिनीकडे बघत राहायचा. मी मामाकडे बघत राहायचे. मी बोलू शकले असते. पण आईचं सगळं गेलं होतं, भावाचा अभिमान तेवढा शाबूत होता, तोही काढून घेऊ? अशी मी स्वतःची समजूत घालायचे. खरं सांगायचं तर त्या आठ आकड्यांखाली जणू माझीही सही होती, आणि ते आईला कळायला नको होतं मला.

शेवटी एका रविवारी दुपारी ते फुटलं. शेजारच्या बाई त्यांचा रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. एकशे अठरा. आईनं त्यांना आपली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, कानीकपाळी ओरडणाऱ्या भावासकट. बाई मामाकडे वळून कौतुकानं म्हणाल्या, 'भाऊ, माझंही रक्त घरी येऊन घ्याल का? ताईंचं घ्यायचात तसं?'

'नाही,' मामा म्हणाला. इतक्या जोरात म्हणाला की बाई दचकल्या. 'घरी मुळीच नाही. लॅबमध्ये या. बिल्ला घ्या, बाकावर बसा, आणि राखाडी टोपण आहे ना ते बघूनच हात पुढे करा.'

बाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या गेल्यावर आई मामावर उखडली. 'काय रे हे? घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात? मी काय शिकवलं तुला?'

मग त्यानं सांगितलं. खुर्चीच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांत घालून, सगळं सांगितलं. पूड, पेशी, लाल आणि राखाडी, खिसा, एकशे एकसष्ट आणि एकशे चोवीस. मला वाटलं, आईला ते कळायचं नाही. तो वाक्य अडलं की मागे जाऊन पुन्हा सांगत होता, नव्या माणसांना शिकवतो तसं, आणि आई मान तिरकी करून त्याचा चेहरा शोधत होती.

तो थांबल्यावर ती त्याच्याकडे सरकून बसली. मग तिनं विचारलं, 'माझी नळी खिशात किती वेळ असायची?'

'चार तास.'

'चार तास काय करत होतास?'

'लोकांचं करत होतो, ताई. रांग असायची. सगळे उपाशी बसलेले.'

'रांग संपली की माझं?'

'हो.'

'म्हणजे सगळ्यांच्या शेवटी.'

मामानं हात गुडघ्यांत आणखी आत ओढले. मग म्हणाला, 'तू घरचीच ना, ताई. मला वाटलं, घरच्याला काय घाई.'

पूड आणि पेशी तिनं सोडून दिल्या होत्या. नळीची चूक तेवढीच असती तर तिनं ती गिळली असती, मला खात्री आहे. तशा चुका तिनं आयुष्यभर उसवून पुन्हा शिवल्या होत्या. ती मान तिरकी करूनच बसली होती. शेवटी हळू आवाजात म्हणाली, 'तुझा शर्ट मी कधी शेवटी शिवला का रे?'

मामा रडला. मोठ्यानं रडला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. आईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, पाणी दिलं, जेवायला थांबवून घेतलं. पण तो प्रश्न तिनं मागे घेतला नाही.

त्यानंतर आईनं घरी रक्त काढू दिलं नाही. दर तीन महिन्यांनी सकाळी मी तिला लॅबमध्ये घेऊन जाते. चौदा पायऱ्या ती कठड्याला धरून, मोजत चढते. खिडकीतून बिल्ला घेते आणि बाकावर बसते. पहिल्या वेळी मामा धावत बाहेर आला. 'ताई, तू आधी चल.' बाकावरची माणसंही म्हणाली, जाऊ द्या त्यांना, दिसत नाही त्यांना नीट. आई म्हणाली, 'सतरावा नंबर आहे माझा. आधी सोळा जण आहेत.' ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती अगदी साधं म्हणाली, आणि मामा आत गेला. सोळा माणसांचं रक्त काढताना त्याचा हात कसा चालला असेल, कोण जाणे. सतरा पुकारून तो तिचा हात धरायला बाकापर्यंत आला. अजूनही तिचा नंबर पुकारला की येतो.

आता तो राखाडी नळी भरतो आणि तशीच हातात धरून सरळ तपासणीच्या मशीनकडे जातो. आई बाकावर कापूस दाबून वाट बघते. घरी जाऊन फोनची वाट बघत नाही. थोड्या वेळानं तो कागद घेऊन बाहेर येतो, तिच्यासमोर वाकतो आणि सांगतो. मागच्या वेळी एकशे अठ्ठावीस होती. 'गोळ्या लागू पडतायत, ताई. साखरवाल्यांना एकशे तीसच्या आत म्हणजे छान आहे.'

आई मान तिरकी करून त्याच्याकडे बघते. पूर्वी ती विचारायची, पास का? आता ते विचारत नाही. आता प्रत्येक वेळी एकच विचारते.

'खरा आकडा आहे ना?'

'खरा आहे, ताई,' मामा म्हणतो, आणि पुढचा नंबर पुकारायला दारात जाऊन उभा राहतो.